खुंटांवरची पंगत

"उभी का गं? बस की!" गुणाबाई म्हणाली.

बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या अंगणात पूजेची पंगत बसली होती. बायकांच्या रांगेत माझी बायको पद्मावती तेवढी भिंतीला टेकून उभी होती. हातात पत्रावळ होती.

"बसवत न्हाय, आक्का. जेवते अशीच."

"उभ्यानं महाराज आहार घेत्यात. तू कवा दीक्षा घेटलीस?"

बायका खिदळल्या. आमचे मुनी दिवसातनं एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत जेवतात. ते त्यांचं व्रत. त्या व्रताची ही बाई टिंगल करते, असं गुणाबाईनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तिचा नवरा कुंथुनाथ आप्पा बस्तीचा पंच. तो हात न धुताच उठून माझ्याकडं आला.

"सुकुमार, बायकोला खाली बसव. न्हायतर हितनं फुडं पंगतीत आणू नगंस."

"आप्पा, तिला दुखतंय."

"कुठं दुखतंय? दिसत तर काय बी न्हाय. रानात दिवसभर उभी ऱ्हाऊन तंबाखू खुडती, तवा दुखत न्हाय? मनाचं खेळ हायती."

वाढलेलं अन्न टाकायचं नाही, म्हणून पद्मावती पत्रावळ घेऊन घरी आली आणि उंबऱ्याशी उभी राहून शेवटच्या शितापर्यंत जेवली. त्यानंतर ती पंगतीला गेली नाही.

दुखणं लागलं ते बाळंतपणात. दोन दिवस अडली होती. मूल गेलं आणि हे राहिलं. बसलं की बुडाशी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि कळ मांडीच्या आतनं जायची. उभी राहिली की उतरायची, आडवी झाली की उतरायची. पहिल्या वर्षी बोरगावच्या वैद्याकडं बैलगाडीनं निघालो. ती गाडीत बसेना. लोक बघत होते, मला लाज वाटली. मी तिचे दोन्ही खांदे दाबून तिला बसवलं. ओढ्यापर्यंत तिनं कळ काढली, मग उतरली आणि गाडीमागनं चालत आली.

वैद्यानं मूळव्याध सांगून चूर्ण दिलं. एका म्हातारीनं गर्भ सरकलाय म्हणून पोट चोळलं. निपाणीत एकानं नाडी धरली आणि हसून म्हणाला, दुसरं पोर झालं की जाईल. सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. विचारलं कुणीच नाही.

उपाय तिनं तिचाच शोधला. डोक्यावर भारा घेताना खाली कापडाची गोल चुंबळ ठेवतात ना, ती जमिनीवर ठेवून तिच्यावर बसायची. मधल्या भोकामुळं दुखरी जागा टेकत नसे. घटकाभर बसायला मिळायचं. गुणाबाईनं ते बघितलं आणि गावभर केलं, "डोक्याची चुंबळ बुडाखाली घेती! आता पायताण डोक्यावर घेईल!"

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी तिला बेळगावला नेलं. प्रवासी मोटारीत दांडा धरून ती सगळी वाट उभी होती. खडेबाजारात विचारत विचारत एका डॉक्टरीणबाईचं घर सापडलं. बाईंनी मला बाहेर थांबवलं, पण मधे नुसता पडदा होता.

"बसल्यावरच दुखतं? झोपल्यावर?"

"न्हाय बाई."

"परसाकडं बसल्यावर?"

"तवा कमी. खाली काय टेकत न्हाय न्हवं."

मग तिनं भीतभीत चुंबळीचं सांगितलं.

"निम्मं निदान तूच केलंस की गं. आता मी तपासते. दुखेल हां."

पद्मावती अशी ओरडली की मी पडद्याला हात घातला.

"हीच ती जागा. इथनं एक शीर जाते. बाळंतपणात दुखावली. बसलं की दबते."

"म्हंजे खरंच हाय? माझ्या मनाचं न्हाय?"

"खरं आहे. पण बरं करायचं औषध माझ्याजवळ नाही. कुणाजवळ आहे असंही ऐकलं नाही."

औषध नाही म्हटल्यावर माझं तोंड उतरलं. पद्मावती रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं.

"कागदावर लिवा, बाई. मराठीत लिवा. गावात वाचायचाय."

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बस्तीत गेलो. पद्मावती दाराबाहेर उभी होती. कुंथुनाथ आप्पानं तो उलगडलासुद्धा नाही.

"पैसं मोजलं की डॉक्टर काय बी लिवत्यात. ने."

तिनं कागद चुंबळीत गुंडाळून फडताळात ठेवला. पुन्हा कधी विषय काढला नाही. सात वर्षं तिनं दुखणं काढलं. शेवटी नेलं ते तापानं, पाच दिवसांत. खांदा द्यायला सगळे आले. गुणाबाई रडली. म्हणाली, "लई सोशीक बाई." ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी आटलं.

बाराव्याचं जेवण मी रानात ठेवलं. अंगण लहान, माणसं चाळीस, कुणी शंका घेतली नाही. तंबाखू आठ दिवसांपूर्वी कापली होती. विळ्यानं तिरके कापलेले बोटभर खुंट वाळून खिळ्यासारखे झाले होते. चालायला वाट मोकळी ठेवली आणि खुंटांच्या ओळींवर तरटं अंथरली. स्वयंपाकाला मुद्दाम उशीर केला. वाढून झालं तेव्हा दिवस हातभर वर होता.

माणसं बसली, आणि सगळी रांग वळवळायला लागली. कोण या कुल्ल्यावर, कोण त्या कुल्ल्यावर.

"आरं सुकुमार, खाली काय हाय?" कुंथुनाथ आप्पा अर्धा उठला.

"कुठं काय? दिसत तर काय बी न्हाय, आप्पा."

"टोचतंय की!"

"मनाचं खेळ असतील."

त्याचं तोंड काळं पडलं. कुणीतरी म्हणालं, जागा बदलूया. मी म्हटलं, "बदला. पर दिवस बघा." मावळल्यावर आम्ही तोंडात शीत घालत नाही, आणि वाढलेलं टाकायचं नाही. पहिली गुणाबाई उठली. मग एकेक करत चाळीस माणसं पत्रावळी हातात घेऊन उभी राहिली.

"गुणाआक्का, दीक्षा कवा घेटलीस?" मी विचारलं.

रांगेच्या टोकाला एक पान मांडून ठेवलं होतं आणि त्याच्यापुढं चुंबळ. गुणाबाईची नजर तिथं गेली.

"ती चुंबळ तरी दे रं. माझ्यानं उभं ऱ्हावत न्हाय."

"हात लावू नगंस. ती जागा पद्मीची हाय."

चुंबळीतला कागद काढून मी आप्पाची पत्रावळ धरली आणि कागद त्याच्या डाव्या हातात दिला. "वाचा. सगळ्यांस्नी ऐकू जाऊ द्या."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. तो वाचू लागला, "या बाईंना बसल्यावर होणारी वेदना खरी आहे. कंबरेखालची शीर दबते. यात सोंग नाही."

"शेवटचं परत."

"यात सोंग नाही."

"मोठ्यानं, आप्पा. त्या दिशी ती बस्तीच्या दाराबाहेर उभी हुती."

त्यानं मोठ्यानं वाचलं. मग सगळे मान खाली घालून भराभरा जेवले आणि उजेड असतानाच पांगले.

मी माझं पान घेतलं. उभं राहून जेवता आलं असतं. तिच्या पानाशेजारचं तरट मी बाजूला ओढलं आणि उघड्या खुंटांवर बसलो, कुणीतरी दोन्ही खांदे दाबून बसवावं तसा. शेवटचं शीत संपेपर्यंत उठलो नाही.