दोनदा चित्रित झालेला शेवट

शेवट दोनदा चित्रित झाला. एकदा मेरिलिन टकवेल जिंकली आणि तिच्या डोक्यावर सोनेरी चमकी उधळली गेली. मग चमकी झाडून काढली, तिचे केस नीट करून तिला पुन्हा उभं केलं आणि ती हरली. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांत ही रीतच आहे. दोन्ही शेवट वाहिनी जपून ठेवते, प्रसारणाच्या दिवशी खरा तेवढा दाखवते, आणि स्पर्धकालाही निकाल तेव्हाच कळतो. हरताना आपण जास्त छान रडलो, असं मेरिलिनचं स्वतःचं मत होतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायअ‍ॅला गावी शाळेच्या कँटीनमध्ये तेवीस वर्षं सँडविचेस करणारी ही बाई नऊ आठवडे मेलबर्नला होती, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. करारच तसा होता. कार्यक्रम दिसेपर्यंत, आणि नाहीच दिसला तर पाच वर्षं, तोंडाला कुलूप. म्हणून तिनं पर्थच्या बहिणीच्या ऑपरेशनचं निमित्त काढलं. थाप चांगली होती, फक्त बहिणीला पढवायचं राहून गेलं.

समोरच्या घरात डॉरी राहायची, पंचाहत्तरी गाठलेली. मेरिलिनचा नवरा गेल्यापासून दोघींचा संध्याकाळचा चहा एकत्र असायचा. मेरिलिन नव्हती त्या दिवसांत डॉरीचा कुत्रा बॉस्को मेला, आणि रडायला हक्काचं माणूस हवं म्हणून तिनं पर्थला फोन लावला. बहीण म्हणाली, मेरिलिन इथं कुठली, आणि मला काय धाड भरलीय? मेरिलिन परतली तेव्हा डॉरीनं काही विचारलं नाही. रस्ता ओलांडून यायची तेवढी बंद झाली.

मेरिलिननं ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. फेब्रुवारीत कार्यक्रम लागेल, डॉरी बघेल आणि ‘अगं बाई, ही तर आपली’ म्हणत घरातल्या सपातांनिशी धावत येईल. हे चित्र तिनं मनात पन्नासदा पाहिलं होतं. त्यात आपण जिंकलो की हरलो, हे तिनं कधी बघितलंच नाही.

मग दुसरी वाहिनी कोर्टात गेली. कार्यक्रमाचा साचाच आमचा चोरला, असं तिचं म्हणणं. न्यायाधीशांनी प्रसारणाला मनाई केली. फेब्रुवारी गेला, ईस्टर गेला. बातम्यांत वकील काचेच्या दारांतून आत जायचे, बाहेर यायचे. थोरामोठ्यांचं भांडण, त्यात कँटीनवालीचं नाव कशाला येतंय? ऑगस्टमध्ये दोन्ही वाहिन्यांनी आपसात मिटवलं. कार्यक्रम कधीच दाखवायचा नाही, ही त्यातली एक अट.

मेरिलिननं निर्मितीवाल्या ब्राँटीला फोन केला. खरा शेवट कोणता होता ते विचारलं. पोरगी भली होती, पण तिलाही ठाऊक नव्हतं. कागद वकिलांकडे गेले होते. मग मेरिलिननं जे विचारायचं होतं ते विचारलं: एका शेजारणीला सांगितलं तर चालेल का? ब्राँटी म्हणाली की करार तसाच आहे, आणि तो मोडला तर दंड भरायला राहतं घर विकावं लागेल.

शनिवारी सकाळी मेरिलिननं रस्ता ओलांडला. डॉरी जाळीच्या दाराआड उभी राहिली.

“मी पर्थला नव्हते,” मेरिलिन म्हणाली.

“ते बॉस्को गेला तेव्हाच कळलं मला.”

“कुठं होते ते सांगता येत नाही गं. सही करून बसलेय.”

डॉरी तिच्या केसांकडे बघत राहिली. “आजारी होतीस ना? अ‍ॅडलेडच्या इस्पितळात, एकटीच?”

म्हणजे ही म्हातारी वर्षभर हे मनात घेऊन झोपत होती. नुसती मान हलवली असती तर दार उघडलं असतं, किटली चढली असती. कॅमेऱ्यापुढे एका दुपारी जिंकून हरलेल्या बाईला मान हलवणं काय अवघड होतं?

“नाही. तब्येत ठणठणीत होती.”

डॉरीनं मोठा श्वास सोडला. जाळीला टेकवलेला हात सैल पडला. मग हळूहळू तिचा चेहरा मिटत गेला.

“आजारी असतीस तर माफ केलं असतं.”

“माहितीये.”

“किती दिवस गप्प बसायचंय?”

“अजून चार वर्षं.”

“एकोणऐंशीची होईन मी. असले तर.” डॉरी वळली. “गॅसवर घेवडा ठेवलाय, करपेल.”

ती आत गेली. मेरिलिन पायरीवर थांबली. आयुष्य स्वयंपाकात गेलेलं. घेवडा शिजत असता तर रस्त्यावरूनही कळला असता तिला. आतून कसलाच वास येत नव्हता.