कॉफीच्या डागाखालचा कायदा

नवीन घरी राहायला जायचं म्हटलं की सगळ्यांची एकच धांदल असते. खोके बांधा, दोऱ्या आवळा, आणि समोर येतील त्या कागदांवर सह्या करा. ते कागद वाचणार कोण?

कॉरीननेही वाचले नव्हते. कॅन्ससमधलं घर सोडून ती वडिलांना घेऊन माँटानातल्या एका लहान गावी निघाली होती. सामान हलवणाऱ्या कंपनीने ते बघायला माणूससुद्धा पाठवला नाही; फोनवर यादी ऐकून अंदाजी तीन हजार डॉलर सांगितले. सामान भरायच्या दिवशी मुकादमाने चार कागद पुढे केले, आणि ग्राहकाच्या हक्कांची एक सरकारी पुस्तिकाही दिली. कॉरीनने सह्या ठोकल्या. प्रवासात ती पुस्तिका तिच्या गाडीतल्या कॉफीच्या पेल्याखाली पडून राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रक नव्या दारात उभा राहिला. तिचे वडील एमेट गाडीतच बसून होते. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, तेव्हापासून डावी बाजू लुळी पडलेली. कठडे असलेला, वरखाली होणारा त्यांचा पलंग त्या ट्रकमध्येच होता. तो मिळाला नाही तर आज त्यांना टेकायलाही जागा नव्हती.

ट्रॅव्हिस नावाचा ड्रायव्हर खाली उतरला. ट्रकचं दार मात्र त्याने उघडलं नाही.

"मॅडम, वजन जास्त भरलंय. सहा हजार चारशे द्या. रोख. या नव्या बिलावर सहीही करा."

"पण तीन हजार ठरले होते!"

"तो नुसता अंदाज होता. पैसे नसतील तर सामान गोदामात जाईल, इथून तीनशे मैल. भाडं रोजचं वेगळं."

कॉरीनच्या बँकेत सगळे मिळून चार हजार होते. गाडीतून वडिलांचा बारीक आवाज आला.

"कॉरीन, मला परत दवाखान्यात ठेवणार का गं?"

"नाही हो बाबा," असं ती म्हणाली. मग तिने ट्रॅव्हिसकडून पेन घेतलं.

"खाली ठेव ते!"

शेजारच्या अंगणातून एक उंच म्हातारी कुंपणाशी आली. हातात बागेतली कात्री तशीच होती. "मी ओपल. इथल्या धान्याच्या कोठारात ट्रक तोलायच्या भुईकाट्यावर एकतीस वर्षं बसले. फुगवलेली वजनं पुष्कळ पाहिलीत, आणि फुगलेले ट्रकवालेही. पोरी, अंदाजाचा कागद कुठाय?"

"गाडीत... बहुतेक."

कॉरीनने कप्पा उपसला. कागद सापडला. त्याच्यासोबत पेल्याखालची पुस्तिकाही आली, मुखपृष्ठावर कॉफीची तीन वर्तुळं घेऊन. ओपलने चष्मा लावून नेमकं पान काढलं.

"ऐक. अंदाज तीन हजारांचा. आज दारात जास्तीत जास्त एकशेदहा टक्के मागता येतात, म्हणजे तेहतीसशे. तेवढे घेऊन सामान उतरवायलाच हवं. बाकी निघत असतील तर महिन्याने बिल धाड म्हणावं."

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका," ट्रॅव्हिस गुरगुरला.

"मी कुठे पडतेय? पडलीये ही पोर, तुझ्या तावडीत. बरं, वजनाच्या पावत्या दाखव. एक रिकाम्या ट्रकची, एक भरलेल्याची."

"ऑफिसात आहेत."

"मग चल कोठारावर. सामान उतरवण्याआधी परत वजन करून मागायचा हिला हक्क आहे, आणि त्याचे पैसे तुला मागता येत नाहीत. भुईकाटा इथून दोन मैलांवर."

ओपलने खिशातून पेन्सिल काढून ट्रकच्या दारावरचा सरकारी नोंदणीचा नंबर पुस्तिकेवर लिहून घेतला. "हा नंबर कशाला रंगवतात ठाऊक आहे ना? तक्रार करायला. ठरलेले पैसे देऊ केलेले असताना सामान अडवून ठेवणं हा केंद्र सरकारच्या कायद्यात गुन्हा आहे. सांग तुझ्या मालकाला."

ट्रॅव्हिस फोन घेऊन ट्रकमध्ये चढला. दार धाडकन लागलं. मिनिटभराने इंजिन सुरू झालं.

"अहो, तो चाललाय!" कॉरीन किंचाळली. "बाबांचा पलंग! मी सही करते, करू द्या मला!"

ओपलने तिचं मनगट घट्ट धरलं. "घाबरलीस ते बरोबरच आहे. मलाही धडधडतंय. पण पोरी, त्याला तुझं सामान नको आहे, तुझी घाई हवी आहे. ती देऊ नकोस."

ट्रक चार पावलं पुढे सरकला. कॉरीनने डोळे मिटले. गाडीत एमेट काहीतरी पुटपुटत होते, बहुधा प्रार्थना. मग चाकं थांबली, उलटी फिरली, आणि ट्रकची पाठ घराच्या दाराला लागली.

"तेहतीसशे," ट्रॅव्हिस खाली बघत म्हणाला. "पावती देतो."

सगळ्यात आधी पलंग उतरला! एक कठडा वाकलेला होता, कपांचा एक खोका खुळखुळत होता. ओपलने दोन्ही गोष्टी सामानाच्या यादीवर लिहून ट्रॅव्हिसची सही घेतली, मगच त्याला सोडलं.

तासाभराने एमेट पलंगावर आडवे झाले. ओपल सूप घेऊन आली, तेव्हा कॉरीन मान खाली घालून बसली होती.

"दोष माझाच. पुस्तिका चार दिवस हाताशी होती."

"फसवणाऱ्याचा दोष आपल्या डोक्यावर घेऊ नये," ओपल म्हणाली. "पण वाचायचं काम मात्र आपलंच."

एमेट उशीवरून खुदकन हसले. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत मुलांना वाचायला शिकवलं होतं. "हिला पहिलीत असतानाही हेच सांगत होतो. हं, कॉरीन, पहिलं पान. मोठ्याने."

कॉरीनने पुस्तिका उघडली आणि वडिलांच्या उशाशी बसून सावकाश वाचू लागली.

मित्रहो, आपल्या बाजूने कायदा केलेला असतो, पण तो आपल्या वतीने आपोआप बोलत नाही. त्याला आवाज आपणच द्यायचा असतो, आणि तो सही करण्याआधी. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. आणि कोणी फारच घाई करू लागला, तर तिथेच पेन खाली ठेवा!