थेट चौथा भाग

“अहो, त्या म्हातारीच्या बकऱ्या सापडल्या का?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

“अकरा सापडल्या. एक राहिलीय.”

“मला साबण आणायला तुम्हाला तीनदा सांगावं लागतं. आणि तिच्यासाठी डोंगर चढलात.”

“तिने रीतसर विनंती केलीय.”

“मग उद्यापासून मीही अर्जच देते.”

ते हसले, पण नजर टीव्हीवरच. चौतीस वर्षं त्यांनी एका कचेरीचं दप्तर सांभाळलं होतं. फाईल कुठलीही असो, मधूनच उघडायची नाही. पहिल्या कागदापासून वाचायची, मग साहेब खोळंबले तरी बेहत्तर. कचेरीने त्यांचं नावच ‘पहिलं पान’ ठेवलं होतं. लोक ते चिडवायला म्हणत आणि हे पदवीसारखं मिरवत.

लेक दूरच्या शहरात व्हिडिओ गेमच्या कंपनीत चित्रकार होती. आपणच वाटसरू व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याची अडचण सोडवत गोष्ट पुढे न्यायची, अशा रोल-प्लेइंग खेळांची एक मालिका ती कंपनी काढत असे. त्या मालिकेच्या चौथ्या भागातली एक गल्ली लेकीने एकटीने रंगवली होती. त्यापायी दोनदा घरी यायचं रद्द केलं. “भिंती रंगवायला दीड वर्ष?” असं हे फोनवर बोलून गेले. कागद चुकीच्या फाईलला लागला तर काढता येतो, शब्दाचं तसं नाही.  पुढच्या आठवड्यात लेकीने पाठवलेले मालिकेचे चारही भाग घरी येऊन पडले.

“आधीचे खेळायलाच हवेत का गं?” त्यांनी फोन करून विचारलं.

“छे हो बाबा. निम्मे लोक थेट चौथ्यापासूनच सुरू करतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे, काही अडत नाही.”

“निम्मे लोक फाईलमधला निकाल तेवढा वाचतात आणि फाईल मिटतात,” ते म्हणाले आणि त्यांनी पहिला भाग लावला.

मग व्हायचं तेच झालं. कुणाचं काम प्रलंबित ठेवून पुढच्या गावी जायला त्यांचं मन घेईना. लोक महिन्याभरात उरकतात तो भाग यांना पाच महिने पुरला. आता दुसरा चालू होता. मधल्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून सांगितलं होतं, “कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. फार तर वर्षभर.” हे फक्त बायकोला ठाऊक होतं. लेकीला कळवायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

बाराव्या बकरीचा शोध त्यांनी तूर्त तहकूब केला आणि ते नदीकाठच्या आजारी नावाड्याकडे वळले. त्याला हिरव्या बाटलीतलं औषध द्यायचं होतं. यांनी दिलं. नावाडी झोपडीत कोसळला आणि होडी बंद पडली.

“खेळच चुकलाय,” ते म्हणाले.

हात पुसत बायको शेजारी येऊन बसली. “तांबडी दिलीत.”

“हिरवी होती.”

“तांबडी होती हो.” ती हळू आवाजात म्हणाली.

त्यांनी हातातली बटणं मांडीवर ठेवली.

“लेकीची गल्ली तुम्ही बघणार आहात, की मी बघून तुम्हाला सांगायची?”

“म्हातारी आणि नावाडी, दोघांची कामं अर्धवट राहतात.”

“राहू देत. निवृत्त झालायत तुम्ही.”

त्यांनी दुसरा भाग काढून ठेवला आणि थेट चौथा लावला. वाटेत कुणी हरवलेली अंगठी सांगे, कुणी वाट चुकलेला भाऊ. “नंतर बघतो,” असं प्रत्येकाला ते मोठ्याने म्हणत आणि खाली मान घालून पुढे जात. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला ऐकवलं नव्हतं. चौथ्या दिवशी गल्ली आली.

रविवारी लेकीचा फोन आला. “मग बाबा, दुसरा भाग संपला की नाही?”

“तुझ्या गल्लीत आहे.”



“मधले सोडून? तुम्ही?” तिचा आवाज बदलला. “बाबा, काय झालंय?”

बायकोने कांदा चिरता चिरता सुरी थांबवली.

“सांगतो. सगळं सांगतो,” ते म्हणाले. “आधी मला सांग, या तिसऱ्या दाराची पायरी एका बाजूलाच का झिजलीय?”

“तिथे कुणी थांबतच नाही हो, बाबा. अर्ध्या मिनिटाची वाट आहे, सगळे पळत जातात.”

“मी कालपासून इथेच आहे.”

 मग तिने सांगायला सुरुवात केली. त्या घरात एक लंगडी शिंपीण राहते, असं तिने मनाशी धरलं होतं. खेळात ती कुठेच दिसत नाही. ती नेहमी एकाच पायावर भार देऊन उतरते.

“अस्सं,” ते म्हणाले. फोन कानाशी धरून त्यांनी मान थोडी डावीकडे वळवली, पायरी डोळ्याच्या कडेला आणली, आणि ती नीट दिसू लागल्यावर म्हणाले, “आणि चौथं दार?”