डावा ब्रेक आधी

"डावा ब्रेक आधी लाव गं. मग उजवा. उलटं केलंस तर खुर्ची सरकते."

आईचं वाक्य तिने संगणकावर जसंच्या तसं टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. समोर पांढऱ्या पडद्यापुढे आईची व्हीलचेअर फोटोसाठी उभी होती. सहा वर्षं ती या गोदामात लोकांच्या जुन्या वस्तूंची वर्णनं लिहीत आली होती, ऑनलाइन लिलावासाठी. स्वतःच्या घरातली वस्तू आणायची ही पहिलीच वेळ.

जाण्याआधी आईने कबूल करून घेतलं होतं.

"अडगळीत टाकू नकोस. आणि जो नेईल त्याला ब्रेकचं सांग."

"सांगेन गं बाई."

"नीट हो म्हण."

"हो."

आईची उजवी बाजू लुळी पडली होती. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ती आईची खुर्ची खिडकीशी न्यायची, डाव्या ब्रेकपाशी वाकायची आणि आईचा चालता डावा हात तिच्या डोक्यावर टेकायचा. तोल सावरायला असेल. "केस ओढतेस," ती करवादायची. दिवसभराच्या कामाने तिच्या अंगात त्राण नसायचं.

मालक मागे येऊन उभे राहिले. काहीही विचारलं तरी 'पुढच्या वर्षी तिप्पट' म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे तिप्पटच म्हणत.

"ताई, ही ओळ काढा. ब्रेकचं वाचलं की बोली थांबते. जुन्या मालाला आता कुठे बरे दिवस आलेत. नवं परवडत नाही, जुनं ठेवायला घरात जागा नाही. पुढच्या वर्षी तिप्पट लिलाव होतील बघा. पण लोक वाचत नाहीत, नुसतं बघतात. दोन ओळी पुरे."

"बोलण्यालाही हाच नियम लावला तर बरं," वस्तू तपासणारा मिस्त्री पान्याशी पुटपुटला.

"खोट असती तर ठेवली असती ओळ. विचारा याला," म्हणत मालक निघून गेले.

मिस्त्रीने चिंध्यांना हात पुसले. "तीनदा बघितलं, ताई. बाहेरच्या उतारावर नेली, वर मी स्वतः बसलो. डावा आधी लावा, उजवा आधी लावा, तसूभर हलत नाही."

"पण आई म्हणायची..."

"तुमच्या हातून कधी सरकली?"

तिने आठवून पाहिलं. "मी कधी उजवा आधी लावलाच नाही."

ती उठली, खुर्चीपाशी गेली, डाव्या बाजूला वाकली. ब्रेक लावून झाला तरी वाकलेलीच राहिली. मिस्त्री उगाच स्क्रूच्या डब्यात काहीतरी शोधू लागला. उभी राहिल्यावर तिने न विस्कटलेले केस सारखे केले आणि जागेवर येऊन ती ओळ पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लिलाव संपला. खुर्ची गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका बाईंनी घेतली होती. 'वडिलांना अर्धांगवायू झालाय, आजच पोचवता आली तर बरं,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

संध्याकाळी ड्रायव्हरने खुर्ची टेम्पोत चढवली आणि उजव्या ब्रेकला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. वर चढून तिने आधी डावा लावला, मग उजवा, आणि पर्स मांडीवर घेऊन पुढे त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुम्ही कुठे, ताई? घर तुमचं इकडे ना?"

"एक निरोप द्यायचाय त्या बाईंना."

"मालकांना कळलं तर ओरडतील. गिऱ्हाइकाशी बोलायचं नसतं आपण." त्याने किल्ली फिरवली. "माझ्याकडे द्या. सांगतो मी."

"नको." तिने दमलेले पाय जरा लांब केले. "त्यांच्या वडिलांचा कुठला हात चालतो, ते आधी बघायला हवं."