सीटखालचं बटण

ही गेली आणि तिची गाडी दर चौथ्या दिवशी बंद पडायला लागली. बॅटरी उतरायची. नवी टाकली, तीही उतरली. मेकॅनिक म्हणाला, "काका, आधीच्या मालकाने वायरिंगची पार वाट लावलीय. सगळं उपटून नवीन टाकावं लागेल. त्यापेक्षा देऊन टाका."

मुलीने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक बोलावलं.

"बाबा, त्या दिवशी दवाखान्याबाहेर तुम्ही तासभर उन्हात उभे होतात. आता पुरे."

"रविवारपर्यंत थांब. नाही सुरू झाली तर मीच चावी देतो त्याला."

"बोललात हं."

"बोललो."

हिचे कपडे, चष्मे, औषधं, सगळं माझ्याच सांगण्यावरून आवरून झालं होतं. गाडी तेवढी राहिली होती. ती मला द्यायची नव्हती. आणि एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला एका छोट्या गाडीने हरवावं, हेही मला मान्य नव्हतं.

बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. गाडी बंद असतानाही पॉइंट चार अँपिअर जात होते. कोण खातंय ते बघायला एकेक फ्यूज काढत गेलो. सगळे काढले तरी आकडा हलेना. लिफ्टमध्ये फ्यूज चुकवून वायर नेत नाहीत, नेली तर माणसं मरतात. त्यामुळे गाडीतही कोणी तसं करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सोमवार, मंगळवार फुकट गेले. मीटरच खराब असेल म्हणून शेजाऱ्याचा आणला. तोही पॉइंट चारच म्हणाला.

बुधवारी सकाळी सरळ बॅटरीपासून सुरुवात केली. खाली एक जाड लाल वायर निघाली. तिला चिठ्ठी बांधली, एक नंबर. दोन्ही टोकं सापडल्याशिवाय वायर कापायची नाही, ही आमच्या कामातली शिस्त. वायर गाडीतल्या कार्पेटखालून ड्रायव्हरच्या सीटखालच्या बटणात गेली होती. तिथून दोन फाटे. एक पुढे हॉर्नला. दुसरा मागे डिकीत, पत्र्याच्या आड, एका लहान इन्व्हर्टरला. हात लावला तर कोमट. शेजारी घरात असतो तसा प्लग, आणि कार्पेटमध्ये रुतलेले बारीक कापलेले केस, काळे-पांढरे.

आधीचा मालक न्हावी होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची दाढी-कटिंग घरी जाऊन करायचा, असं गाडी घेताना ही म्हणाली होती. म्हणजे मशीन चार्ज करायची सोय. पुढे कधीतरी हॉर्नची मूळ वायर जळाली असेल, तेव्हा त्याने हाताशी असलेली चालू वायर जोडून दिली. काम ओबडधोबड, पण माणूस मूर्ख नव्हता. बटण चालू असेल तरच हॉर्न वाजणार. उतरताना बंद केलं की बॅटरी वाचणार.

मग मला आठवलं.

हिच्या तेराव्यानंतर मी पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा हॉर्न वाजत नव्हता. सीटखाली चाचपलं, बटण लागलं, दाबलं, वाजला. स्वतःवरच खूश झालो, आणि बटण तेव्हापासून चालूच राहिलं. आधी बटण कसं होतं ते लिहून ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना ओरडून शिकवलं होतं.

आणि ही प्रत्येक वेळी उतरताना वाकायची. सहा वर्षं. मी दुसऱ्या बाजूला ताटकळत उभा. "चप्पल शोधतेयस का?" "हो." कधी वेगळं काही बोलली नाही. मला सांगितलं असतं तर मी महिनाभर गाडी उघडून बसलो असतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुपारी हॉर्नला फ्यूजमधून स्वतंत्र वायर दिली. लाल वायरीला बॅटरीजवळ फ्यूज बसवला. इन्व्हर्टर आणि बटण जागच्या जागी ठेवलं. बटण बंद केलं, मीटर बघितला. जवळजवळ शून्य. बोनेट लावलं आणि चावी मुलीकडे दिली, मी मधे बॅटरी चार्ज केली असं तिने म्हणायला नको.

रविवारी संध्याकाळी तिनेच चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिने हॉर्न वाजवून बघितला, पुन्हा एकदा वाजवला.

"आता त्या माणसाला काय सांगू?"

"गाडी घरात लागते म्हणावं."

तिने फोन लावला. मी तिला सीटवरून उठवून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि वळवून आणली. उतरताना सीटखाली हात घातला. बटण बंदच होतं, तरी बघितलं.

"काय शोधताय?" मुलगी म्हणाली.

"चप्पल," मी म्हणालो.