जरीचा बाण

कमळी आणि सुका हे जोडपं एडवणला प्रेमलाबाईंच्या वाडीत राहत होतं. कमळी केळींना पाणी लावायची, घरातली झाडलोट करायची. सुका राखणीला असे; रानडुकरं शिरली की धनुष्य उचलायचा. त्याचे बाण बघत राहावेत असे. रंगवायची मात्र कमळी. बांबूच्या काडीवर गेरूचा पट्टा, मग चुन्याचा, मग कंदिलाच्या काजळीचा. पिसं घरच्या कोंबड्याची, डिंक बाभळीचा.

एका दुपारी प्रेमलाबाई ओटीवर बसून ते बघत होत्या. त्या विधवा, घराचा सगळा कारभार दिराच्या, कृष्णकांतच्या हातात.

"मला एक करून दे गं," त्या म्हणाल्या. "कपाटात ठेवीन."

आतून त्यांनी विरलेल्या साडीचा काठ आणला. दोघींनी त्यातली जर उसवली नि पट्ट्यांच्या मधोमध गुंडाळली. प्रेमलाबाईंची बोटं डिंकाने एकमेकांना चिकटली, तशा त्या मोठ्याने हसल्या. कमळीने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. बाण काचेच्या कपाटात गेला.

शिमग्याच्या आधी शेजारच्या वामनचा बैल दावं तोडून वाडीत आला नि कोवळी केळ खाऊन गेला. कृष्णकांतचं नि वामनचं कुंपणावरून कडाक्याचं भांडण झालं. काही दिवसांनी बैल पुन्हा आला. सकाळी तो कुंपणापाशी पडलेला सापडला, पोटात बाण. दुपारपर्यंत मेला.

गाव जमलं. वामन रडतच ओरडत होता, "असे पट्टे आणखी कोणाच्या बाणाला असतात? सांगा ना!"

"मी नाय मारला, दादा," सुका म्हणत राहिला.

कमळीने वाकून पाहिलं. रक्ताखाली जर दिसत होती.

"शेठ, यो आमचा नाय. याला जर हाय. यो बाईंच्या कपाटातला."

"कपाटातला?" कृष्णकांत म्हणाला. "मग घरात केर काढायला कोण येतं? तूच ना?"

कमळीने दाराकडे पाहिलं. प्रेमलाबाई पदराचं टोक दातांत धरून उभ्या होत्या.

"बाई, तुमी सांगा ना."

त्यांचे ओठ हलले.

"वहिनी, आत जा," कृष्णकांत मागे न बघता म्हणाला.

त्या आत गेल्या.

संध्याकाळी पोलीस सुकाला घेऊन गेले, धनुष्यही घेऊन गेले. कमळी चौकीबाहेर बसून राहिली. हवालदार म्हणाला, साहेब नाहीत, उद्या ये. दुसऱ्या दिवशीही साहेब नव्हते.

ती परतली तेव्हा प्रेमलाबाई वाडीच्या मागल्या बाजूने तिच्या झोपडीत आल्या. "मी पाहिलं गं भावजींना. त्यांनीच कपाट उघडलं, बाण नि झोपडीबाहेर टांगलेलं धनुष्य घेऊन गेले."

"मंग चौकीवर चला. तेवढंच सांगा."

"नि मग मी कुठे जाऊ, कमळे? माहेरी कोणी उरलं नाही."

त्यांनी तिचा हात घट्ट धरला. कमळीने तो सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने बाई रडत रडत आल्या वाटेने गेल्या.

सुकाला सोडलं तेव्हा त्याला डावा पाय टेकवत नव्हता. झोपडी रिकामी करायचा निरोप आधीच आला होता. दोघं बोईसरला गेली. तिथे नवे कारखाने उभे राहत होते, रेती वाहायला माणसं लागत होती. मुकादमाने सुकाचा पाय पाहून मान हलवली नि कमळीला घमेलं दिलं.

"जल्दी चल, जल्दी!" तो मागून ओरडायचा.

सुका विटांच्या थप्पीच्या सावलीत बसायचा. कमळी घमेलं घेऊन फळीवर चढताना दिसली, की हात टेकून उठायला बघायचा, नि परत बसायचा.