मागचा बाक

मधुकरने फाटकातूनच हाक मारली तेव्हा क्षमा पडवीत तांदूळ निवडत बसली होती. "अगं, बाहेर ये! गाडी आली!" आवाज असा की जणू वरातच दारात आली आहे. ती हात झटकत बाहेर आली आणि पायरीवरच थबकली.

गाडी आली होती हे खरं. पण भांडुपच्या गॅरेजात गेली होती ती ही नव्हे. गेली होती ती दोन सीटांची, उघडी, तारांच्या चाकांची, बसक्या बांध्याची विलायती एम.जी. आता तिच्या पाठीला कुबड आलं होतं. सीटांच्या मागे, थेट पेट्रोलच्या टाकीवर, लोखंडी अँगल ठोकून एक लांबलचक बाक बसवला होता. बाकाला हिरवं रेक्झिन, पाठीला टेकू आणि वर किंतानाचं छप्पर ताणायला चार दांडे. पुढे दोन भलेमोठे जादा दिवे, त्यांच्या मधोमध पट्टीवर आवळलेला एक विजेचा पितळी भोंगा. आणि बॉनेटच्या कडेला, ताज्या पिवळ्या रंगात, 'मातृकृपा'.

"बघ," मधुकर म्हणाला, "आता तुलाही जागा झाली!"

क्षमाला ते बघवेना. बाकामुळे नाही. बाक अण्णांच्या डोक्यातून निघाला असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बघवेना तो नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद. तो खरा होता.

मुलुंडच्या त्या घरात अण्णांचा शब्द चाले. अण्णा म्हणजे मधुकरचे थोरले भाऊ, एका कचेरीत हेडक्लार्क. घरातल्या माणसांनाही ते फायलींसारखे या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवत. मधुकर रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढी. हाताला अतिशय स्वच्छ, डोक्याने हुशार, आणि अण्णांसमोर उभा राहिला की जिभेला कुलूप. लग्न झालं तेव्हा क्षमाला वाटलं होतं की ही आदब आहे. आदब नव्हती ती. पण ते कळायला मध्ये ही गाडी यावी लागली.

चोपन्न साली मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून मधुकरने ती घेतली तेव्हा ती गाडी नव्हतीच, नुसता सांगाडा होता. साहेबाने ती कुठल्याशा पुलाच्या कठड्याला नेऊन घातली होती. मधुकरने ती परसातल्या शेडमध्ये ओंडक्यांवर चढवली आणि दीड वर्ष तिच्याखाली काढलं. कुजलेली लाकडी चौकट बदलली, स्प्रिंगा नव्या घातल्या, इंजिनाचं हेड कुर्ल्याहून घासून आणलं, कारण त्याने म्हणे गाडीला दम येतो. या सगळ्यात दुसरे हात क्षमाचे होते. प्लग ती घासे. चाकांच्या तारा एकेक करून तीच पुसे. दोन कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात का हे पाहायला रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरावं लागे. तो फुसकारा ऐकायला तिचा कान मधुकरपेक्षा तिखट होता. "डावा जास्त ओढतोय," ती म्हणे, आणि तो निमूट स्क्रू फिरवी. संसारात त्याने तिचं इतकं कधीच ऐकलं नव्हतं.

रविवारी दुपारी अण्णा, जाऊबाई रत्नप्रभा आणि पोरं ठाण्याला जाऊबाईंच्या माहेरी जात. घर रिकामं झालं की क्षमा त्या उघड्या गाडीत चाकामागे बसे आणि मधुकर इंजिन सुरू करी. मागची चाकं ओंडक्यांमुळे अधांतरी. ती तशीच हवेत गरगरा फिरत आणि क्षमा गिअर टाकायला शिके. "क्लच दाब. न्यूट्रल. क्लच सोड. आता अॅक्सिलरेटरला जरा डिवच. पुन्हा क्लच, आणि आता खालचा गिअर. हं! आवाज झाला?" सुरुवातीला व्हायचा, दात काढल्यासारखा. मग होईनासा झाला. "हाताने नाही गं, कानाने टाकायचा गिअर," असं तो सांगे, आणि तसं सांगताना तो इतका देखणा दिसे की तिला घरातलं सगळं काही सोसावंसं वाटे. इंचभरही न हलता ती पूर्ण गाडी चालवायला शिकली. आणि एका रविवारी त्याने आपणहून वचन दिलं, "रस्त्यावर आली की तुझ्या हातात देईन. मी शेजारी बसेन."

तिने फारसं काही मागितलं नव्हतं आयुष्याकडे. हे एक धरून बसली.

गाडी रस्त्यावर आली. जाऊबाईंनी नारळ फोडला, क्षमाने आरती धरली आणि शेजारच्या सीटवर अण्णा बसले. ठीक आहे, वडीलधारे आहेत, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी जाऊबाई बसल्या. मग अण्णांचे साडू, मग गुडघेदुखीवाली आत्या, मग विम्याचा एजंट. त्या घरात नवराबायको दोघंच कुठे जायची रीत नव्हती. सोबत एखादं पोर तरी द्यायचं. दोन सीटांच्या गाडीत पोर कुठे बसवणार? म्हणजे क्षमाने बसायचं नाही, असा सरळ हिशेब झाला. कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही.

आणि गाडीचे जे हाल झाले! अण्णा पान खात आणि चालत्या गाडीतून पिंक टाकत. वारा ती परत आणून दारावर ठेवी. ठाण्याच्या बाजारातून पापलेटांची पाटी सीटवर ठेवून आणली, तिचं पाणी कातड्यात मुरलं. क्षमा मासे खाणाऱ्या घरातलीच, पण त्या सीटवर नाक नेलं की तिला ओकारी येई. पोरांनी डॅशबोर्डवर चिक्की चिकटवली. ती रोज सकाळी बादली घेऊन हे सगळं खरवडत बसे, आणि मधुकर कचेरीला जाताना म्हणे, "थोडे दिवस जाऊ देत गं. मी बोलतो अण्णांशी." महिन्यांमागून महिने गेले. इंजिनातली नुसती चुकचुक ऐकून कुठला व्हॉल्व सैल आहे ते सांगणारा हा माणूस, त्याला थोरल्या भावाशी एक वाक्य बोलायला मुहूर्त सापडेना.

आणि आता हा बाक. अण्णा म्हणाले असतील, "घरात इतकी माणसं आणि गाडी दोघांची? मधू, हे बरं दिसत नाही." आणि मधूने मान डोलावली असेल. नुसती डोलावली नाही, तर बाकाचं ड्रॉइंगही स्वतःच काढून दिलं होतं. बोल्ट कुठे घ्यायचे ते त्याने मापून दिलं होतं, हे त्याने तिला कौतुकाने सांगितलं.

"मागे एवढं वजन?" ती म्हणाली. "टायर घासणार नाहीत मडगार्डला?"

"हळू चालवायची गं."

हळू! दीड वर्ष त्या गाडीला पळायला शिकवून हा आता म्हणतो हळू. तिने पडवीतलं तांदळाचं सूप उचललं आणि आत गेली. बोलली असती तर तोंडातून काय आलं असतं कुणास ठाऊक.

रविवारी सगळं कुटुंब पवईला निघालं. तळ्याकाठी जेवायचं, असा अण्णांचा बेत. अण्णा पुढे. बाकावर जाऊबाई, त्यांची दोन्ही पोरं, पुरीभाजीचे डबे, आणि कोपऱ्यात दांड्याला धरून क्षमा. तिची त्या गाडीतली ती पहिली फेरी. पायांखाली टाकीतलं पेट्रोल डुचमळत होतं. भांडुप येईपर्यंत धाकट्याने तिच्या पदरात ओकून ठेवलं होतं आणि जाऊबाई, "पूस हो जरा, मला वासाने कसंसंच होतं," असं म्हणून दुसरीकडे बघत होत्या. वर किंतान फडफडत होतं, अण्णा दर गाईम्हशीला भोंगा वाजवत होते आणि जळक्या रबराचा वास येत होता. टायर घासत होते. क्षमाने मधुकरच्या मानेकडे पाहिलं. ती मान मागे वळली नाही.

कांजूरहून पवईकडे वळल्यावर चढ लागला. वेळेवर खालचा गिअर टाकायचा, तर अण्णा काहीतरी सांगत होते आणि मधुकर "हो अण्णा, हो अण्णा" करत होता. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. बटण दाबलं तर नुसतीच टकटक. दिवसाही पेटते ठेवलेले जादा दिवे आणि भोंगा यांनी बॅटरी पिऊन टाकली होती. हँडल मारावं, तर हँडलचं भोक भोंग्याच्या पट्टीआड गेलेलं.

सगळे उतरले. मधुकरने आणि रस्त्याने जाणाऱ्या दोन गवळ्यांनी मिळून गाडी उताराकडे तोंड करून वळवली. आता ढकलायची, पण उतार सुरुवातीला जेमतेम, म्हणजे मधुकरलाही मागून जोर लावायला हवा. चाकामागे कोण बसणार?

"धाकटीला बसव," अण्णा रुमालाने मान पुसत म्हणाले. "हलकी आहे. नुसतं चाक तर धरायचंय."

क्षमा बसली. मधुकर वाकला आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला, "हे बघ, हे चाक. हे असं दोन्ही हातांनी धरायचं. हा क्लच. घाबरू नकोस. मी ओरडलो की पाय उचलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. समजलं?"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे गंमत असती, एखादी चोरटी खूण असती, तर तिने सगळं माफ केलं असतं. तिथे फक्त भीती होती, की ही काही बोलेल.

"समजलं," ती म्हणाली.

त्यांनी ढकललं. गाडीने वेग धरला, तिने त्याच्या ओरडण्याची वाट न पाहता दुसऱ्या गिअरवर क्लचवरचा पाय उचलला, आणि इंजिन खोकून पेटलं. मागून "थांब! थांब!" ऐकू आलं. तिने तिसरा टाकला.

रिकामी गाडी पुन्हा गाडी झाली होती. तोंडावर वारा आला, हातातलं चाक जिवंत झालं. हवेत फिरणाऱ्या चाकांवर शिकलेलं सगळं जमिनीवर जसंच्या तसं होतं, फक्त आता झाडं मागे पळत होती. चौथा गिअर पडला तो लोण्यात सुरी गेल्यासारखा. खाली आग्रा रोडचं वळण आलं. क्लच, न्यूट्रल, क्लच, डिवच, क्लच, खालचा. जराही आवाज झाला नाही. ती एकटीच मोठ्याने हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोयही. हे आपल्याला त्याच्याबरोबर हवं होतं. त्याने शेजारी बसायला हवं होतं, आणि तो तिकडे वर रस्त्यात अण्णांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत उभा होता.

तिने गाडी वळवली, चढ चढून वर आली आणि त्यांच्यासमोर थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

अण्णांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "मधू! हिला कोणी शिकवलं हे?"

मधुकर घाईने म्हणाला, "मला काय ठाऊक, अण्णा? आईच्यान, मी नाही. बघून बघून शिकली असेल."

क्षमाला अण्णांचा राग येत आला होता, कैक वर्षं. राग माणसाचा येतो. नवऱ्याची तिला शिसारी आली, पायावरून गोम गेली की येते तशी.

अण्णांनी गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मनात काहीतरी मांडलं. मग पान चघळत म्हणाले, "बरंच झालं की. रोज पोरांना शाळेत सोडता येईल. बाजारहाटही करील. मधू कचेरीत असला म्हणजे गाडी नुसती पडून असते." आणि पिंक टाकून ते पुढच्या सीटवर येऊन बसले. जाऊबाई पोरांना घेऊन बाकावर चढल्या.

मधुकरच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. तो लगबगीने दाराशी आला, दारावर हात ठेवून उभा राहिला आणि वाकून भावाला सांगू लागला, "खरं सांगायचं तर अण्णा, थोडंफार मीच दाखवलं होतं हिला. गिअर कसा कानाने टाकायचा, ते सगळं माझंच. आता म्हटलं तुम्हाला आवडेल, न आवडेल..."

"हात काढा," क्षमा म्हणाली.

"अं?"

"दारावरचा हात काढा."

त्याने काढला. तिने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी चढाला लागली. मागून पोरं ओरडली, "काका राहिला! काका राहिला!"

"अगं, मधू राहिला," अण्णा मागे वळून म्हणाले.

"गाडी वजनाने बंद पडते, अण्णा," ती म्हणाली. "कोणीतरी उतरायलाच हवं होतं." आणि तिने दुसरा टाकला.